आजोबा नावाचा बिबट्या आणि आपला मुरबाड रोड

(भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी भाषा बोलल्यासारखीच ठेवली आहे.)

आजची गोष्ट सुरू होते एका विहिरीत.

टाकळी ढोकेश्वर हे पारनेर तालुक्यातलं गाव. जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. २००९ सालच्या उन्हाळ्यात तिथल्या एका विहिरीत नर बिबट्या पडला. त्या पट्ट्यात ही काही नवलाची गोष्ट नाही. विहिरींना कठडे नसतात, बिबट्या रात्री फिरतो, कुत्र्याच्या नाहीतर मांजराच्या मागे धावताना पाय घसरतो. वनखात्याच्या लोकांनी त्याला बाहेर काढलं. वय झालेला होता आणि स्वभावाने भलताच शांत. त्यामुळे त्याच्यावर काम करणाऱ्या संशोधकांनी त्याचं नाव ठेवलं ‘आजोबा’. अंगात ओळखीची मायक्रोचिप बसवली, गळ्यात जीपीएस कॉलर घातली आणि सरळ रेषेत ५२ किलोमीटर लांब, माळशेज घाटाच्या परिसरात त्याला सोडून दिलं.

‘जंगलात सोडलं.’ बातमीत हे दोन शब्द आपण नेहमी वाचतो. आजचा सगळा भाग या दोन शब्दांबद्दल आहे. कारण आजोबा त्या जंगलात राहिलाच नाही.

तो कुठे गेला ते सांगतोच. पण आधी रस्ता बघू. टाकळी ढोकेश्वर ज्या रस्त्यावर आहे तो नगर-कल्याण महामार्ग. आळेफाटा, ओतूर, माळशेज, टोकावडे, मुरबाड, कांबा, म्हारळ आणि मग शहाडचा पूल. मी मोहन्यात राहतो. आमच्यासाठी हा ‘मुरबाड रोड’. ट्रेकिंग करणाऱ्या कुठल्याही कल्याणकराला या रस्त्याची वळणं पाठ असतात: नाणेघाट, जीवधन, गोरखगड, हरिश्चंद्रगड, सगळं याच बाजूला. शनिवारी रात्री कल्याण डेपोतून मुरबाड-माळशेजकडे जाणारी एसटी पकडायची, पहाटे चढायला लागायचं आणि रविवारी संध्याकाळी पाय दुखत परत. सोमवारी सकाळी लॅपटॉप उघडला की मित्रांना सांगायचं, ‘जंगलात गेलो होतो.’

म्हणजे जंगल तिकडे, घाटावर. आपण इकडे, पुलाच्या अलीकडे. हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं आहे की ते कधी पक्कं झालं, हे विचारायचंही सुचत नाही. आज तेच विचारू.

घाटाची जुनी वाट

माळशेजच्या शेजारचा नाणेघाट आहे दोन हजार वर्षांचा. वरच्या बाजूला जुन्नर, खालच्या बाजूला कल्याण बंदर. सातवाहनांच्या काळात माल या वाटेने उतरायचा आणि चढायचा. घाटाच्या गुहेत नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे, वर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचा उल्लेख ‘कल्लिएना’ असा येतो. म्हणजे आज ज्याला आपण दुर्गम म्हणतो, तो भाग त्या काळी हमरस्त्यावर होता. व्यापारी, बैल, भिक्खू, जकातदार, सगळे तिथून ये-जा करत होते. आणि वाघ-बिबटेही तिथेच होते.

पाण्याचंही तसंच. माळशेजच्या डोंगरातून काळू नदी खाली येते. तिचा धबधबा बघायला पावसाळ्यात झुंबड उडते. तीच काळू मुरबाड तालुक्यातून वाहत टिटवाळ्याच्या गणपतीजवळून पुढे येते आणि उल्हासला मिळते. उल्हास तोवर कर्जत, बदलापूर करत मोहन्यावरून पुढे गेलेली असते. दोघींचं पाणी मग वसईच्या खाडीला जातं. ही खाडी लक्षात ठेवा, गोष्टीत पुन्हा येणार आहे.

या सगळ्या पट्ट्यात, ठाणे-पालघरच्या वारली पाड्यांत आणि घाटमाथ्यावरच्या महादेव कोळ्यांच्या वाड्यांत, वाघोबाची ठाणी आहेत. दगडावर किंवा लाकडावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या भागांत संशोधकांनी दीडशेच्या आसपास अशी ठाणी नोंदवली आहेत. अकोल्याकडे अश्विन वद्य द्वादशीला, आपल्या वसुबारसेच्याच दिवशी, वाघबारस होते. गाईगुरांना सांभाळ म्हणून वाघोबाला नैवेद्य दाखवतात. आणि गंमत बघा, बिबट्याला गावात आजही ‘वाघ’च म्हणतात. पट्ट्यांचा वाघ इथून कधीच गेला, शब्द मात्र बिबट्याकडे राहिला.

यात भाबडेपणा शोधू नका. वाघोबाला पूजणाऱ्या माणसाची शेळी बिबट्या नेतो तेव्हा तो शिव्याही घालतो. पण बिबट्या शेजारी असतो, ही गोष्ट त्याने गृहीत धरलेली असते. ‘याला इथून उचला आणि याच्या घरी नेऊन सोडा’ हा विचार त्या चौकटीत बसत नाही. कारण त्याचं घर हेच.

हिरव्या डागाची कल्पना

मग इंग्रज आले. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत रेल्वे, पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत. १८६० च्या दशकात बोरघाट आणि थळघाट, दोन्हीकडून गाडी घाटावर पोहोचली. रुळांखालच्या स्लीपरना लाकूड हवं होतं. १८६४ मध्ये वनखातं, १८६५ आणि १८७८ मध्ये वनकायदे. जंगलाला सीमा आली, खांब आले, राखीव वन आलं. गावकरी त्या रेषेच्या बाहेर गेला.

जनावरांचं काय? बंगालच्या, पंजाबच्या, आपल्या मुंबई इलाख्याच्या सरकारांनी वाघ, बिबटे, लांडगे मारायला बक्षिसं लावली होती. इतिहासकार महेश रंगराजन यांनी बक्षिसांच्या नोंदींवरून हिशोब मांडला आहे. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशभरात ८० हजारांहून जास्त वाघ आणि दीड लाखाहून जास्त बिबटे मारले गेले. दीड लाख! आज शहरात एक बिबट्या दिसला तर दिवसभर चॅनेलवर तेच चालू असतं.

स्वातंत्र्यानंतरही शिकार चालूच राहिली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि चित्र बदललं. बिबट्याला कायद्याचं कडक संरक्षण मिळालं. अभयारण्यं जाहीर झाली. आपल्या जवळचीच बघा: शेकरूसाठी भीमाशंकर १९८५ मध्ये, कळसूबाई-हरिश्चंद्रगड १९८६ मध्ये, वसईजवळचं तुंगारेश्वर २००३ मध्ये. मुंबईत तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान होतंच, जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं.

हे सगळं चांगलंच झालं. ही अभयारण्यं नसती तर शेकरू आज फक्त पाठ्यपुस्तकात असतं. पण नकाशावर हिरवे डाग काढले की बघणाऱ्याच्या मनात एक उलटी समजूत तयार होते. डागाच्या आत वन्यप्राणी, डागाबाहेर माणूस. मग डागाबाहेर बिबट्या दिसला की तो ‘भरकटलेला’, ‘वाट चुकलेला’, ‘नागरी वस्तीत शिरलेला’. आणि त्यावर उपाय एकच: पकडा आणि डागात नेऊन सोडा. ही कल्पना कुणाच्या दुष्टपणातून आली नाही. पकडणाऱ्याला वाटायचं की आपण माणसांनाही वाचवतोय आणि बिबट्यालाही. दोन्हीकडून भलं.

जुन्नरचा धडा

या कल्पनेची परीक्षा जुन्नरमध्ये झाली आणि तिची किंमत माणसांनी मोजली.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या भागात कुकडी प्रकल्पाची धरणं झाली. माणिकडोह, येडगाव, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे. पाणी आलं आणि पाठोपाठ ऊस आला. उसाचा फड वर्ष-दीड वर्ष उभा असतो. दाट, थंड, बाजूला पाणी, आत माणसाची वर्दळ नाही. बिबट्याच्या मादीला बछडे घालायला यापेक्षा सुरक्षित जागा कुठली? आसपासच्या वस्त्यांवर कुत्री, डुकरं, शेळ्या. त्या फडात जन्मलेल्या आणि वाढलेल्या बिबट्याने सह्याद्रीचं जंगल बघितलेलंही नसतं.

१९९३ ते २००१ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. २००१ पासून बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम जोरात सुरू झाली. सरासरी ३९.५ किलोमीटर लांबच्या जंगलांत त्यांना सोडलं जायचं. परिणाम काय झाला? २००१ ते २००३ या काळात हल्ले वर्षाला सरासरी १७ वर गेले. म्हणजे चौपटीहून जास्त. आणि त्यातल्या जीव जाणाऱ्या हल्ल्यांचं प्रमाण दुप्पट होऊन ३६ टक्क्यांवर पोहोचलं. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे मांडले आणि २०११ मध्ये ‘कॉन्झर्वेशन बायोलॉजी’ या नियतकालिकात ते छापून आले.

मी दिवसभर सॉफ्टवेअरचे लॉग वाचतो. आमच्या धंद्यात एक साधी सवय असते: बदल केला त्या तारखेनंतर आलेख वर गेला, तर आधी त्या बदलाकडे बघायचं. पण नुसत्या तारखेवर थांबायचं नाही, कारणही जुळायला हवं. इथे कारण जुळतं. हल्ले जिथे वाढले त्या जागा आणि बिबटे जिथे सोडले त्या जागा, यांचा संबंध दिसत होता.

असं का होतं? बिबट्या आपल्या इलाख्याचा बारकाईने अभ्यास केलेला असतो. कुठल्या वस्तीवर किती वाजता माणसं झोपतात, कुत्री कुठे बांधतात, ओढ्यातून जायची वाट कुठली. या माहितीच्या जोरावर तो माणसाला टाळतो. हो, टाळतो. त्याला उचलून परक्या जागी सोडलं की ही सगळी माहिती शून्य. पिंजऱ्यात दिवस काढलेले, जखमा झालेल्या, भूक लागलेली, चारी बाजूंना दुसऱ्यांचे इलाखे आणि रात्रभर घराकडे परतायची धडपड. अशा अवस्थेत माणसाशी गाठ पडली की वाईट होतं. इकडे त्याची मोकळी झालेली जागाही रिकामी राहत नाही. दुसरा बिबट्या येतो, बहुतेक वेळा तरुण आणि अननुभवी. म्हणजे एक ओळखीचा शेजारी जातो आणि त्या बदल्यात दोन अनोळखी मिळतात, एक इथे आणि एक तिथे.

मुंबईने हे दुसऱ्या बाजूने भोगलं. संजय गांधी उद्यानाच्या कडेने २००२ ते २००४ या काळात हल्ले वाढले. २००४ चा जून महिना सगळ्यात वाईट. ठाणे, मुलुंड, बोरिवलीचे ज्येष्ठ श्रोते असतील त्यांना आठवेल, संध्याकाळनंतर पोरांना बाहेर सोडत नव्हते. बाहेरचे बिबटे पकडून या उद्यानात आणून सोडले जात होते, हेही तेव्हाचंच.

आजोबा कुठे गेला

आता परत आजोबाकडे. २००९. मोहन्यात २००९ म्हटलं की लोकांना पहिल्यांदा एनआरसी आठवते, कारण त्याच वर्षी कंपनी बंद पडली. त्या वर्षीच्या मे-जूनमध्ये आपल्या तालुक्यांच्या वरच्या अंगाने एक म्हातारा बिबट्या चालत होता आणि त्याची कुणाला खबर नव्हती. खबर होती ती फक्त कॉलरला.

कॉलर ठरावीक वेळाने आपली जागा नोंदवते. नकाशावर एक ठिपका, मग दुसरा, मग तिसरा. आजोबाला माळशेजच्या परिसरात सोडलं आणि ठिपके जागेवर थांबेनात. तो हरिश्चंद्रगडाच्या बाजूने वर सरकला. मग कसारा. कसारा स्टेशनाजवळून त्याने रेल्वे ओलांडली. आंबिवलीच्या फलाटावर उभं राहून आपण ज्या कसारा लोकलची वाट बघतो, तीच लाइन. मग मुंबई-आग्रा महामार्ग, रात्रंदिवस ट्रक धावणारा. मग पश्चिमेकडे वसईचा औद्योगिक पट्टा. पुढे वसईची खाडी. काळू आणि उल्हासचं पाणी जिथे समुद्राला मिळायला येतं, ती. तो खाडी पोहून पार झाला आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात शिरला.

३७ दिवस. सरळ रेषेत ८९ किलोमीटर. प्रत्यक्ष चाल त्याहून कितीतरी जास्त, शंभरीच्या पुढची. आणि या सगळ्या प्रवासात त्याने माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. उद्यानात पोहोचल्यावर मात्र तो थांबला आणि ४२ चौरस किलोमीटरच्या इलाख्यात स्थिरावला.

थोडं थांबून विचार करा. आपल्या जिल्ह्यातून, जगातल्या सगळ्यात गर्दीच्या पट्ट्यांपैकी एकातून, साठ-सत्तर किलोचं जनावर महिनाभर चालत गेलं आणि कुणाला पत्ता लागला नाही. पेपरला बातमी नाही, पळापळ नाही, लाठ्या नाहीत. मग ज्या दिवशी बातमी येते, त्या दिवशी नेमकं काय बिघडलेलं असतं?

आजोबासकट पाच बिबट्यांना या अभ्यासात कॉलर लावल्या होत्या, चार महाराष्ट्रात आणि एक हिमाचलात. नॉर्वेचे मॉर्टन ओडेन आणि जॉन लिनेल यांच्यासोबत विद्या अत्रेय यांनी केलेला हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले दोन मुद्दे मला फार महत्त्वाचे वाटतात. पहिला असा की लांब नेऊन सोडलेले दोघेही, आजोबा आणि एक मादी, सोडल्या जागी राहिले नाहीत. मादी पाच महिन्यांत ४५ किलोमीटर सरकली. जिथे पकडलं तिथेच जवळ सोडलेले तिघे मात्र ८ ते १५ चौरस किलोमीटरच्या छोट्या इलाख्यात गुमान राहिले. दुसरा मुद्दा वेळेचा. दाट वस्तीतल्या बिबट्यांच्या रात्रीच्या नोंदींपैकी २० टक्के कुठल्या ना कुठल्या घरापासून २५ मीटरच्या आत होत्या. दिवसा हेच प्रमाण १ टक्क्याहूनही कमी.

२५ मीटर म्हणजे आपल्या चाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ते लोक झोपलेले असताना बिबट्या अंगणातून जायचा आणि उजाडायच्या आत उसात परत. रात्रपाळीचा शेजारी म्हणा ना.

त्याच सुमाराचा अकोले तालुक्यातला दुसरा अभ्यास. तिथे खोऱ्यात ऊस, भाजीपाला आणि चौरस किलोमीटरला ३०० च्या वर माणसं. अभयारण्य नाही, हिरवा डाग नाही. कॅमेरे लावले तर दर १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ प्रौढ बिबटे निघाले, आणि तेवढेच पट्टेरी तरस. खातात काय, तर विष्ठा तपासल्यावर दिसलं की सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के. म्हणजे हे बिबटे जंगलातून वाट चुकून आलेले नव्हते. ते तिथलेच रहिवासी होते, पिढ्यान् पिढ्या.

या कामाचा पुढे उपयोग झाला. २०११ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने बिबट्या आणि माणूस यांच्यातल्या संघर्षाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. सरसकट पकडून दुसरीकडे सोडू नका, असा त्यांचा रोख होता. त्याच वर्षी मुंबईत सुनील लिमये उद्यानाचे प्रमुख असताना वनखातं, संशोधक आणि मुंबईकर स्वयंसेवक यांनी मिळून एक उपक्रम सुरू केला. पोलीस, महापालिका, पत्रकार, सोसायट्या, पाडे, सगळ्यांशी बोलणं. कचरा उचला म्हणजे कुत्री कमी होतील, रात्री पोरांना एकटं सोडू नका, बिबट्या दिसला तर गर्दी करू नका. कंटाळवाणी कामं. पण २०१५ च्या कॅमेरा-मोजणीत उद्यान आणि परिसरात ३५ बिबटे आढळले, तेव्हा शहर २००४ सारखं हादरलेलं नव्हतं.

आजोबावर २०१४ मध्ये सुजय डहाके यांनी चित्रपटही काढला, उर्मिला मातोंडकर त्यात आहेत. बघितला नसेल तर बघा.

आपण, ट्रेकवाले

आता थोडं आपल्याबद्दल. या पॉडकास्टचे निम्मे श्रोते भटके आहेत, म्हणून बोलतो.

आपल्याला ‘अनटच्ड’ जागा हव्या असतात. कुणी न गेलेली घळ, कुणी न बघितलेला धबधबा. रील टाकली की तीन आठवड्यांत तिथे चारशे गाड्या. काजव्यांच्या हंगामात भंडारदऱ्याला काय होतं ते बघितलंत ना? झाडाझाडावर काजवे आणि खाली गाड्यांच्या हेडलाइट. गडावरच्या कोळीवाडीतल्या माणसाला आपण ‘लोकल’ म्हणतो, त्याच्याकडे पिठलं-भाकरी खातो आणि परतल्यावर लिहितो, ‘माणसापासून दूर, निसर्गाच्या कुशीत.’ मग ती भाकरी कुणी थापली?

पकडा-सोडा मोहिमेच्या मागे जी समजूत होती, तीच आपल्या भटकंतीच्या मागे आहे: जंगल म्हणजे माणूस नसलेली जागा. त्या समजुतीमुळे आपल्याला हरिश्चंद्रगडावर वाघोबाचा दगड दिसत नाही आणि रविवारी उतरल्यावर मुरबाड रोडलगतचं माळरान, ओढा, बांधावरची झाडी यांचं काही वाटत नाही. कोकणकड्यावर प्लॅस्टिक टाकणाऱ्याशी आपण भांडतो. ते केलंच पाहिजे. पण आजोबा ज्या ओढ्या-नाल्यांतून, गवताळ पडीक जागांतून चालत गेला असेल, तिथे भराव पडतो तेव्हा आपण साइटवर फ्लॅटचे दर विचारत असतो. अभयारण्याला कायदा आहे. त्या मधल्या जागांना काहीच नाही.

अवघड प्रश्न

एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. जुन्नर-शिरूर भागात अलीकडच्या वर्षांत बिबट्याने पुन्हा माणसं मारली. लहान मुलंसुद्धा. लोक रस्त्यावर उतरले, पुन्हा पिंजरे लागले, पुन्हा मागणी झाली की यांना इथून न्या. ज्या घरातलं पोर गेलं त्या घरात जाऊन ‘आकडे असं सांगतात’ म्हणायची माझी हिंमत नाही आणि कुणी करूही नये. माणसावर हल्ला करणारा बिबट्या पकडावाच लागतो. माणिकडोहला असे बिबटे ठेवण्यासाठी केंद्र आहे. त्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो त्यापुढच्या पायरीवर. एका हल्ल्यानंतर दिसेल तो बिबट्या उचलणं आणि दुसऱ्याच्या दारात सोडणं. तो ‘जंगलात सोडलेला’ बिबट्या कुठल्या तरी पाड्याजवळच सोडलेला असतो. त्या पाड्यातल्या माणसाचा मोर्चा निघत नाही, एवढाच फरक. २००१ ते २००३ मध्ये हे करून बघितलं आहे आणि त्याचा निकाल लिहून ठेवलेला आहे. तो निकाल विसरलो तर पुढच्या वेळी किंमत पुन्हा कुणाच्या तरी पोराने मोजायची.

मग शेतकऱ्याने काय करायचं? त्याच्या मागण्या ऐकल्या तर त्यातल्या बऱ्याच अगदी साध्या आहेत. शेतीला दिवसा वीज द्या. थ्री फेज रात्री येते म्हणून माणूस रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन उसाला दारं धरायला जातो, आणि ती बिबट्याची वेळ. वस्तीवर उजेड, शेळ्यांना चारी बाजूंनी बंद गोठा, विहिरींना कठडे, ऊसतोडणीला आलेल्या कुटुंबांना फडाच्या कडेला पालात झोपावं लागू नये इतकी सोय, जनावर गेलं तर भरपाई वेळेवर. यातल्या एकाही गोष्टीला पिंजरा लागत नाही. सगळ्यांना पैसा आणि चिकाटी लागते, आणि त्यांचा फोटो चांगला येत नाही.

आपल्या शहरांचंही तेच. जानेवारी २०१९ मध्ये उल्हासनगरला बिबट्या आला. पुढच्याच महिन्यात ठाण्यात एका मॉलच्या पार्किंगमध्ये. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला एका इमारतीत शिरला, माणसं जखमी झाली. अशा वेळी वनखात्याच्या माणसांपुढचं काम दुहेरी असतं, कारण बिबट्याइतकीच गर्दीही आवरायची असते. गच्चीवर मोबाइल घेऊन उभे असलेले लोक, आरडाओरडा, दगड. घाबरलेल्या जनावराला सुटायला वाट मिळाली नाही तर ते माणसाच्या अंगावरूनच जाणार. अंधार पडेपर्यंत शांतता राखली तर पुष्कळदा ते आलं तसं निघून जातं. महिनाभर चालत गेलेल्या आजोबाला एवढंच हवं होतं: रात्र आणि रिकामी वाट.

आजोबाचं पुढे काय झालं

२०११ च्या अखेरीस मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एक बिबट्या गाडीच्या धडकेने मेला. तपासताना अंगात मायक्रोचिप सापडली. नंबर जुळवला तर तो आजोबा होता. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून वाचला, घाट, रूळ, आग्रा रोड आणि खाडी पार करून गेला, उद्यानाच्या आसऱ्याला दोन-अडीच वर्षं जगला आणि शेवटी रस्त्यावर गेला. चिप नसती तर रस्त्यावरचं आणखी एक मेलेलं जनावर, एवढीच नोंद झाली असती.

तेव्हापासून त्याच्या वाटेवर आणखी बरंच काही झालं आहे. इगतपुरीहून घाट उतरून समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत आला. आपला मुरबाड रोड रुंद होतोय, दुतर्फा गृहसंकुलं उभी राहतायत. रस्ते नकोत असं मी म्हणत नाही. मीही त्याच रस्त्याने ट्रेकला जातो आणि लोकलच्या गर्दीतून ऑफिसला. पण रस्त्याखालून जनावराला जायला मोरी किती उंच हवी, कुठल्या ओढ्यावर हवी, हे ठरवायला आता आपल्याकडे ठिपक्यांचे नकाशे आहेत. २००९ च्या आधी ते नव्हते. रस्ता आखणाऱ्याने ते उघडून बघावेत, ही मागणी आपण नागरिक म्हणून करू शकतो. हरकती-सूचना मागवतात तेव्हा लिहून द्या. दोन ओळी लिहिल्या तरी चालतील, पण द्या.

पुढच्या वेळी माळशेजला जाल तेव्हा काळूच्या पात्राकडे जरा बघा. ते पाणी टिटवाळ्यावरून आपल्याकडेच येतंय. तुम्ही कुठल्या भागातून ऐकताय आणि तुमच्याकडे वाघोबाचं ठाणं आहे का, ते नक्की कळवा. गावाचं नाव आणि त्याच्याशी जोडलेली गोष्ट, दोन्ही. जमली तर आपण त्यांचा एक वेगळा भाग करू.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत नमस्कार.